ओवाळणीत मागितलेली तपासणी

९ ऑगस्ट, शनि. राखी.
बाळू शेंद्र्याहून आला, मंदाला घेऊन. राखी बांधली, ओवाळलं. पेढ्यांची वाटी त्याच्या डाव्या हाताशी ठेवली होती, तर हा विचारतो, "आक्का, पेढे कुठं ठेवले?" मंदा हसली, म्हणाली ह्यांचं असंच असतं आजकाल. मला हसू आलं नाही. माझ्या फॉल-पिकोच्या दुकानात मी पण अशीच समोरची कात्री शोधायचे. येणाऱ्या बायांना धक्के लागायचे आणि वर मीच त्यांच्यावर डाफरायचे. वाटायचं, वय झालं. काचबिंदू आहे हे कळेपर्यंत डावा डोळा गेला होता. दुखला नाही, लाल झाला नाही. मेला गुपचूप गेला.
निघताना बाळूचा डावा खांदा दाराला आपटला. "दार लई अरुंद केलंय तुम्ही." इतकी वर्षं त्याच दारातून येतोय.

१२ ऑगस्ट
डोळ्याच्या डॉ.कडे जाऊन आले. उजव्याचं प्रेशर ठीक. थेंब चालूच, जन्मभर. डॉ. चिडले. "सख्ख्या भावंडांना तपासून घ्या म्हणालो होतो ना? घरात एकाला असला की दुसऱ्याला असू शकतो."
संध्याकाळी बाळूला फोन. "कंपनीत दरसाल डोळे तपासतेत आक्का. पाटीवरची सगळ्यात खालची ओळ वाचतो मी." त्याला सांगितलं, पाटी वाचून हे कळत नाही रे बाबा. समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं, आधी कडा जातात. आतलं प्रेशर मोजावं लागतं, नस बघावी लागते. गेलेली नजर परत येत नाही, पण लवकर सापडलं तर उरलेली राहते. "व्हय, व्हय" म्हणाला आणि फोन ठेवला.
कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो हा. तपासलं आणि निघालं काही, तर गाडीवरून उतरवतील. हीच भीती असणार. बोलत नाही तेवढंच.

२९ ऑगस्ट
गणपतीची गर्दी. गुलमंडीत पाय ठेवायला जागा नाही आणि सगळ्यांना फॉल-पिको आजच्या आज पायजे. सुईत दोरा एका गिऱ्हाईक बाईकडून ओवून घेतला. उजव्यानं काम होतंय, चिडचिड लई होते.
आमच्या वडिलांची, आबांची आठवण आली. शेवटी शेवटी भिंत चाचपत चालायचे. सगळे म्हणायचे मोतीबिंदू पिकतोय, पिकला की काढू. पिकायची वाट बघता बघता पार आंधळे झाले. आज वाटतं तो मोतीबिंदू नव्हताच. कुणी बघितलं होतं?
बाळू फोन उचलत नाही.

२३ ऑक्टो. भाऊबीज
आला. साडी आणली, जांभळी, काठ चांगला आहे. ताटात ठेवायला लागला तर मी ताट मागं घेतलं. म्हटलं, साडी राहू दे, मला दुसरी ओवाळणी पायजे. डोळे तपासून घे.
हे टीव्ही बंद करून बघायला लागले. ओवाळून झाल्यावर बहिणीनं मागितलं तर नाही कसं म्हणणार? तो खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "बरं. दिली."
मी रडले. मंदाच्या पण डोळ्याला पदर. दोघी येड्यासारख्या. आज खूप दिवसांनी नीट जेवले.

६ नोव्हें.
बाळूचा फोन, स्वतःहून. "आक्का, तुझी ओवाळणी दिली बघ." मी विचारलं, कोणत्या डॉ.ला दाखवलं? म्हणे डॉ. कशाला. भाऊबीजेला मंदानं माझ्या थेंबांच्या खोक्याचा फोटो काढून नेला होता. तो मेडिकलवाल्याला दाखवला, त्यानं बाटली काढून दिली. सकाळ-संध्याकाळ घालतोय. "आपलं रक्त एक, दुखणं एक, मग औषध पण एकच की."
बाळूला लहानपणापासून दमा. मला थेंब देताना डॉ.नी पहिलं तेच विचारलं होतं, दमा आहे का, छातीचा काही त्रास? मी नाही म्हटल्यावरच लिहून दिले.
म्हटलं, आत्ताच्या आत्ता बंद कर ते, आणि डॉ.ला दाखव.
"आधी औषध कर म्हणती, मग बंद कर म्हणती. ठरव तरी काय ते. मला काय होत नाय, दम्याचा पंप आहे खिशात."
मंदाशी बोलले. ती म्हणाली सांगते. सांगून ऐकणारा असता तर.

१० नोव्हें.
व्हायचं ते झालं. सकाळी मंदाचा फोन, रडतच. धाप लागली, पंपानं उतरेना, ओठ निळे पडायला लागले. थेंब बंद केलेच नव्हते. शेजारच्यांच्या गाडीतून शहरात दवाखान्यात आणलं. आता ऑक्सिजन लावलाय.
तिथले डॉ. म्हणाले, डोळ्यात घातलेला थेंब नाकावाटे घशात उतरतो, अंगात भिनतो. हे औषध दम्याच्या माणसाच्या श्वासनळ्या आवळतं. एवढ्याशा थेंबानं.
मंदा माझा हात सोडेना. "वन्सं, मी चांगल्यासाठीच केलं हो." ती रडतेय, मी तिच्या पाठीवरून हात फिरवतेय. काही करता येत नाही. बसून राहायचं.

१४ नोव्हें.
घरी सोडलं. देवाची कृपा.
निघायच्या आधी म्हटलं, माझ्या डॉ.ना मी विचारलंय. दम्याच्या माणसाला चालतात असे दुसरे थेंब आहेत, लेझर आहे. नुसतं तपासून तरी घे. त्यानं दोन्ही हात जोडले. "आक्का, थेंबानं मरता मरता वाचलो. आता ह्या डोळ्यात पाणीसुदिक घालणार नाय. पुन्हा विषय काढायचा नाय."
खरंच घाबरलाय. घाबरायला पायजे होतं नजर जायला, घाबरला औषधाला. मी मागितलं नसतं तर ही बाटली घरात आली नसती. नसतं मागितलं तरी डोळा जातच होता. कोणीकडून पण भोगणार माझाच भाऊ.

३० नोव्हें.
कामावर गेला परत. मंदानं सांगितलं, परवा फोर्कलिफ्ट वळवताना डावीकडची पिंपांची रास पाडली. कुणाला लागलं नाही. सुपरवायझर लई बोलला. बाळू म्हणतो रास चुकीची लावली होती.
तिथं कुणी उभं असतं तर?
कंपनीत कळवू का? कळवलं तर त्याची नोकरी मी घालवली असं होईल, जन्मभर तोंड बघणार नाही. गप्प बसले आणि कुणाच्या अंगावर गाडी गेली तर? ह्यांना विचारलं. म्हणाले, थांब जरा, घाई करू नको. थांबून थांबून तर आबांची नजर गेली.
दिवसभर मशीनवर बसले, एक साडी धड झाली नाही. रडू येतंय आणि रागही येतोय. त्याला दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटतं.

१६ डिसें.
माझ्या फील्ड टेस्टची, कडेची नजर तपासायची तारीख. ह्यांना ताप, म्हणून बाळूला मंदानं पाठवलं. मोटारसायकल घेऊन आला. मी म्हटलं, गाडी इथंच लाव, रिक्षानं जाऊ. वाद घालेल वाटलं. गुमान गाडी लावली. मला ते वाद घालण्यापेक्षा जास्त लागलं.
आत माझं झालं. डबा असतो, त्यात हनुवटी टेकवून एका ठिपक्याकडं बघत राहायचं, आजूबाजूला बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. बाहेर आले तर बाळू बाकावर पाय हलवत बसलेला. "काय करतेत त्या डब्यात?" सांगितलं सगळं. ऐकून घेतलं. मग हळू आवाजात, "आणि मला एकपण दिवा नाय दिसला तर?"
दिसेल रे, असं कसं म्हणू? पाठीवर हात ठेवला. तेवढंच जमलं.
हे बाकावरच बसून लिहितेय, माझा रिपोर्ट यायचाय. आज त्याच्यासाठी पण नंबर लावून ठेवलाय, त्याला सांगितलं. चिडला नाही. उठलाही नाही. सिस्टर दोनदा त्याचं नाव पुकारून गेली. त्यानं ऐकलं, मला माहीत आहे. दाराकडं बघतोय.