श्वास घ्यायची जागा

ताई,

तुझ्या लग्नातली प्रेमगीतं निवडायचं तू माझ्यावर सोपवलंस. "एक मात्र त्याने स्वतः माझ्यासाठी केलंय," असं म्हणत फोनवर लाजत गुणगुणलीस.

ते गाणं माझं आहे गं. गेल्या वर्षी त्याच्याच खोलीवर, त्याच्यासाठी केलेलं. तेव्हा मला सर्दी होती, म्हणून दुसऱ्या ओळीत शब्द मध्येच तोडून श्वास घेतला होता. चोरताना निदान तेवढं तरी सुधारायचं! आता तूही तिथेच थांबतेस.

मला म्हणाला होता, "मला लग्नच करायचं नाही."

मांडवात मी ते म्हणेन. तूही सोबत गुणगुणशील; दुसऱ्या ओळीत त्या जागी तू सवयीने श्वास घेशील, मी घेणार नाही. तेव्हा माझ्याकडे नको, त्याच्याकडे बघ.

हे पत्र पाठवायचा धीर नसलेली,
तुझी धाकटी