घर सरकलं

शुक्रवार, संध्याकाळ. मुकुंदवाडी.

घर राहिलं. जरा सरकून, पण राहिलं.

कारखान्यातून तयार आलेलं आमचं दोन खोल्यांचं घर काल प्लॉटवर ठेवलं. आईनं लगेच दूध उतू जाऊ दिलं. ते पूर्वेला सांडलं की शुभ, पण पश्चिमेला गेलं. "घर नीट नाय बसलं," ती जेवतानाही म्हणत राहिली.

आज महापालिकेचे साहेब टेप घेऊन आले. शेजारच्या भिंतीपासून अंतर कमी भरलं. "आजच सरकवा, मावशी. नाहीतर घर इथून उचलावं लागंल."

मी घाईनं क्रेनवाल्याला फोन लावला. आई मात्र खुशीत. "सरकवा की! मी कालच म्हणत व्हते, नीट नाय बसलं."

क्रेन आली. घर उचललं, आतली भांडी वाजली, घर पुन्हा टेकलं. साहेबांनी मोजलं, होकार दिला.

"थांबा," आई पुन्हा दूध शेगडीवर ठेवत म्हणाली. "दूध बघून जा."

दूध उताराकडं जातं, दिशा बघत नाही, हे मला कळतं. तरी मी श्वास का रोखला? साहेबांनीही रोखला होता.

पूर्वेला सांडलं.

"पास का, मावशी?" साहेबांनी विचारलं.

आई हसली. हळदीकुंकवाचं बोट तिनं त्यांच्या टेपला लावलं.