साठीचा आहेर

सांगली,
ता. ११ एप्रिल १९४७

अर्जुनाचे वडील तात्याबा यांस,
चंद्राबाईचा नमस्कार.

तुमचे नाव लिहिले. नवऱ्याचे नाव बायकोने घेऊ नये, असे मला लहानपणी सांगितले होते. लिहू नये असे कोणी सांगितले नव्हते. मला लिहिता येईल, असे कोणाला वाटलेच नव्हते. हे पत्र मी स्वतः लिहीत आहे.

इकडे सर्व ठीक. ऊन फार आहे. कृष्णेचे पाणी ओसरून मधली वाळू दिसू लागली आहे. मिशनच्या वसतिगृहात सध्या एकतीस मुली आहेत, दोघींना गोवर आला आहे. तुमचा ऊस चांगला आहे, विहिरीवर इंजिन बसवले, हे अर्जुनाने सांगितले. ऐकून घेतले.

अर्जुना बुधवारी आला. अंगात पलटणीचा कोट, इतक्या उन्हात. पाया पडला आणि म्हणाला, "थोरली आई, आबास्नी साठ सरली. लय मोठी शांत करायची हाय. पर तुमी पाटावर बसल्याबिगार भटजी पुढं जाईना."

बावीस वर्षांत मला आई असे कोणी म्हटले नव्हते. इथल्या मुली मावशी म्हणतात. तुमच्या धाकटीने, मनुबाईने, मुलगा चांगला वाढवला आहे. तिला सांगा.

त्याने दिलेले तुमचे पत्र वाचले. अक्षर नाथाजी मास्तरांचे आहे. साठीला नवराबायकोचे लग्न पुन्हा लागते, पहिली हयात असताना दुसरीला पाटावर बसवता येत नाही, तरी झाले गेले विसरून मी यावे, असे त्यात आहे. झाले गेले म्हणजे काय, ते त्यात नाही.

अर्जुना आला तो दिवस माझ्या वाढदिवसाचा होता. हसू नका. माझा जन्म कधीचा, हे मला ठाऊक नाही, माझ्या आईलाही नव्हते. पण इथल्या मॅडमना प्रत्येकीची तारीख वहीत लागते. मी ज्या दिवशी मिशनमध्ये आले, तोच दिवस त्यांनी माझा म्हणून लिहिला. वय अंदाजाने. त्या हिशेबाने मला पन्नास पुरी झाली. मॅडमनी केक केला. त्यांच्यात केकवर मेणबत्त्या लावतात आणि ज्याचा वाढदिवस असेल त्याने त्या फुंकून विझवायच्या असतात. आमची स्वयंपाकीण रंगुबाई जतकडची धनगरीण. ती दर वर्षी आडवी येते. "दिवा फुंकत्यात व्हय? अवदसा यील घरात." मग मेणबत्त्या विझल्या की लगेच निरांजन घेऊन मला ओवाळते. म्हणते, "मॅडमनी इजवावं, म्या लावावं. बघू कुनाचा द्येव दमतोय."

अर्जुनाने केक खाल्ला. इटलीत ज्या घरात त्याची तुकडी उतरली होती, तिथे एका म्हातारीला ऐंशी पुरी झाली होती, ते त्याने सांगितले. घर बॉम्बने अर्धे पडलेले. उरलेल्या अर्ध्यात लांब टेबल मांडून तिची मुले-नातवंडे जमली आणि या परक्या शिपायांनाही त्यांनी बसवून घेतले. तेव्हाच त्याने ठरवले म्हणे, की जिवंत परतलो तर आबांची साठी अशीच करायची. सगळ्यांना बोलवायचे. मलाही.

त्याच्याकडे बघून मी येते म्हणणार होते. हे खरे आहे, म्हणून लिहिते. लुगडे कोणते न्यायचे, तेही मनात ठरवले होते.

मग तो तुमच्या कड्याबद्दल बोलला.

ते पुढे लिहिते. त्याआधी एक गोष्ट. तुम्हाला वाचता येत नाही. साधे पत्र पाठवले असते, तर मास्तरांनी ते तुम्हाला एकट्याला सोप्यावर वाचून दाखवले असते आणि तुम्ही चुलीत घातले असते. म्हणून हे आहेराबरोबर पाठवले आहे. मी येते की नाही, ते आहेर पुकारताना कळेल, तोवर पाकीट फोडायचे नाही, असे अर्जुनाला सांगितले. तो म्हणाला, "हुकूम म्हनला की झालं." आत काय आहे, ते त्याला ठाऊक नाही. त्याला बोल लावू नका.

म्हणजे आता मंडप भरलेला असेल. तुमच्या शेजारचा पाट रिकामा असेल. आहेर पुकारताना देणाऱ्याचे नाव आणि वस्तू मोठ्याने सांगतात, तशी रीत आहे. नाथाजी मास्तर, पुकारणारे तुम्हीच असाल. हे पत्र माझ्या आहेरातलेच आहे. थांबू नका.

गावाला ठाऊक आहे ते असे: तात्याबाची बायको मिशनवाल्यांच्या नादी लागली, लेकीला बाटवायला घेऊन पळाली आणि लेक तिकडे मेली. हे मी बावीस वर्षे राहू दिले. मी बाटले नाही. माझे कुंकू आहे तसे आहे.

झाले ते असे. जत्रेचा आदला दिवस होता. अंबूला पाच वर्षे नुकती झाली होती. तीन दिवस ताप, गळा सुजून बंद, श्वासाचा आवाज दारापर्यंत येत होता. मिरजेच्या दवाखान्यात नेले तर वाचेल, असे वैद्याने सांगितले. स्टेशन चार कोस. दारात गाडी होती, बैल होते. मी तुमच्या पाया पडले. तुम्ही शर्यतीच्या बैलांना अंडी पाजत होता. वर न बघता म्हणालात, "उद्या बैलं पळायची हायती. आज आठ कोस दमवू व्हय त्यास्नी? उतरंल ताप. पोरीची जात हाय, चिवट असत्यात."

मी तिला खांद्यावर घेऊन चालत निघाले. स्टेशनवर पोचले, तेव्हा गाडी अर्ध्या तासापूर्वी गेली होती. पुढची पहाटे. अंबू फलाटावर गेली. आवाज थांबला, तेव्हा मला वाटले बरे वाटून झोप लागली. एका हमालाने रुळापलीकडच्या लिंबाखाली खड्डा काढून दिला. तिकीट काढलेले होते. मी पहाटेच्या गाडीत बसले. तिसऱ्या दिवशी मॅडमनी वहीत माझा वाढदिवस लिहिला.

इतकी वर्षे मी एक गोष्ट धरून होते. बैल दिले नाहीत, तो एका घटकेचा हट्ट. संध्याकाळी घरी आला असाल, आम्ही दोघी नाही हे बघितले असेल, मग बैल जुंपून स्टेशनकडे निघाला असाल, उशीर झाला असेल. मी फलाटावर रस्त्याकडे बघत बसले होते. तुम्ही आला असाल आणि माझी गाडी सुटली असेल, असे मी स्वतःला सांगत आले.

बुधवारी अर्जुना केक खाता खाता म्हणाला, "आबांच्या हातात चांदीचं कडं हाय न्हवं? लय जुनं. त्या साली जत्रंत बैलं पयली आली, तवा मिळाल्यालं. आंघुळीला सुदिक काढत न्हाईत." मी साल विचारले. त्याने सांगितले. तेच साल. म्हणजे त्या रात्री बैल गोठ्यातच होते.

मग मी मुलींना केक वाटला.

आता तुमच्या पत्राचे उत्तर. पहिल्या वेळी लग्न लागले, तेव्हा मी दहा वर्षांची होते. मला कोणी विचारले नव्हते. या वेळी विचारले आहे. मी नाही म्हणते.

मनुबाई, तुझ्याशी माझे भांडण नाही. पाटावर बसायचे की नाही, ते तू ठरव. तुलाही पहिल्या वेळी कोणी विचारले नसेल.

आहेराच्या पुडक्यात पाच मेणबत्त्या आहेत. लहान आहेत, मुलींच्या केकवर लावतो त्या. अंबूच्या पाच वर्षांच्या पाच. तुम्हाला ओवाळायला साठ दिवे लावतील, त्यांच्या पुढे या लावाव्यात. अर्जुना लावील, त्याने इटलीत बघितले आहे. या ओवाळायच्या नसतात. ज्याचा वाढदिवस, त्याने सगळ्यांसमोर फुंकून विझवायच्या. कड्याचा हात पुढे करून फुंका, लोकांना दिसू द्या. तुम्हाला जमेल. पूर्वी केलेले आहे.

पत्राच्या शेवटी 'आपली' असे लिहितात. तो शब्द मी गाळला आहे.

अंबूची आई