एकच लेन्स घ्यायची आहे

५ सप्टेंबर

आला एकदाचा कॅमेरा! खोका उघडला तर आत नुसतं धड. लेन्स नाही. दीडशहाणे म्हणतात, "लेन्स वेगळी घ्यावी लागते, वहिनी." जशी काही मी कालच जन्मले!

दीडशहाणे म्हणजे माझे धाकटे दीर. तोंडावर भावजी, इथे दीडशहाणे. निदान या पानांवर तरी खरं बोलावं माणसाने. हे गेल्यापासून स्टुडिओ आम्ही दोघं चालवतो. फोटो मी काढते, आणि दीडशहाणे आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसून ते 'सुधारतात'.

लेन्स आता एकच घ्यायची, जास्तीची ऐपत नाही. म्हणजे भांडण ठरलेलंच. पण कॅमेरा ज्याच्या डोळ्याला, लेन्स त्याच्या पसंतीची — एवढं साधं आहे. ते ठरवणं एकदा माझ्या हातून गेलं की कॅमेराही जाईल, आणि मग मी पुढच्या काउंटरवर गिऱ्हाइकांना पाकिटं देत बसेन. ते मी होऊ देणार नाही.

९ सप्टेंबर

ह्यांची जुनी लेन्स कपाटातून काढली. मध्ये एक कडी बसवली की ती नव्या कॅमेऱ्यावर बसते. फोकस तेवढा हाताने करायचा, आणि तो मला येतो, ह्यांनीच शिकवलाय.

जावेला स्टुलावर बसवलं आणि काढला. नाक नाकाएवढं, गाल गालांएवढे, मागची भिंत मऊ होऊन गेलेली. ती बराच वेळ बघत राहिली. "ताई, मी खरंच अशी दिसते?" म्हटलं, नवऱ्याला विचार! नवरा स्क्रीनपासून हलेना. म्हणजे आवडला.

मी चष्मा काढून कॅमेऱ्याला डोळा लावते. बघायच्या खिडकीशेजारी एक बारीक चाक असतं, ते फिरवून खिडकी आपल्या नंबराला जुळवायची. आज नीट जुळवली आणि जावेच्या नेलपॉलिशने दोन लाल ठिपके दिले. एक चाकावर, एक कॅमेऱ्यावर, समोरासमोर. ही माझी जागा. कुणी हात लावायचा नाही.

२१ सप्टेंबर

लेन्सच्या दुकानात गेलो. दुकानदार अख्खा वेळ दीडशहाण्यांशी बोलला. मी शेजारी उभी, आणि मी तिथे नाहीच! "मॅडमना झूम द्या. जागचं हलायला नको, आपोआप फोकस, हलकी, सोपी." सोपी! लेकी बोले सुने लागे.

मी चेहऱ्यांसाठीची एकाच मापाची लेन्स मागितली. ह्यांच्या लेन्ससारखी, पण नवी. दीडशहाण्यांनी दुकानदाराकडे बघून मान हलवली. ती मान मी पाहिली!

मग एक रुंद लेन्स दाखवली. म्हणे, छोट्या खोलीत अख्खं कुटुंब मावतं. मावतं, पण कडेची माणसं ताणून जाड होतात. उद्या एखादी आत्या कडेला उभी राहिली तर भांडायला कोण येणार, दुकानदार?

काही न घेता परत आलो.

६ ऑक्टोबर

झूम, झूम, झूम! चहा पितानाही झूम! कानामागून आली आणि तिखट झाली.

२ नोव्हेंबर

आज माझा संताप झाला. शिंपीणबाईंच्या नातीचे मी भरपूर फोटो काढले होते. गोड पोर, एका जागी ठरत नाही, तरी पकडली. दीडशहाण्यांनी त्यातले जेमतेम चार ठेवले. बाकीचे कुठे गेले? "उडवले."

उडवले! मला न विचारता! म्हटलं, काय वाईट होतं त्यात? "थोडे हललेले होते, वहिनी." काल संध्याकाळी मी स्वतः स्क्रीनवर बघितले होते. माझ्या डोळ्यांना चांगले दिसत होते! आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायचं आणि वर दुसऱ्याची मेहनत पुसायची. ह्यांच्या हयातीत हिंमत झाली असती का?

१३ नोव्हेंबर

गेला आठवडाभर खिडकीतून धुरकट दिसत होतं. लेन्सला दीडशहाण्यांची बोटं लागली असणार, दुसरं काय! पुसून ठेवली. आज स्वच्छ दिसलं. बघा, कुठे काही बिघडलं होतं का?

२८ नोव्हेंबर

पासपोर्टच्या फोटोला एक निवृत्त पोस्टमन आले होते. "बाई, अजून किती वेळ ताठ बसू? मान धरली." आतून दीडशहाण्यांचा हसण्याचा आवाज आला. ठीक आहे. हसा.

मी मुद्दाम आणखी वेळ घेतला.

१५ डिसेंबर

शेवटी भांडण झालंच. बरं झालं, पोटात किती दिवस ठेवायचं!

ते म्हणाले, "आपोआप फोकस करणारी घेऊ या ना. तुमच्यासाठीच म्हणतोय."

मी म्हटलं, माझ्यासाठी कुणी काही म्हणायची गरज नाही. मला फोकस येत नाही असं म्हणायचंय का? तसं तोंडावर म्हणा! नाचता येईना, अंगण वाकडं, असं वाटत असेल तर तेही म्हणा!

"मी तसं कुठे म्हणालो?"

हेच, हेच मला आवडत नाही. भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. हे गृहस्थ मऊ आवाजात बोलतात, आणि बघणाऱ्याला मीच कजाग वाटते. जाऊ पोळ्या लाटत होती. तिने एकदाही मान वर केली नाही. सगळं आधीच ठरलेलं असणार दोघांचं!

लेन्स अजून घेतलेली नाही. ते माझी घेऊ देत नाहीत, मी त्यांची घेऊ देत नाही.

१० जानेवारी

शाळेचं काम मिळालं. सगळ्या वर्गांचे फोटो. मी ह्यांच्या लेन्सने काढणार, मैदानात लांब उभी राहून. आले चांगले, तर मुकाट्याने माझी लेन्स घ्यायची. तसं कबूल करून घेतलं. दीडशहाणे म्हणाले, "बरं." इतक्या पटकन? पाणी कुठेतरी मुरतंय.

१८ जानेवारी

सापडला! चोर सापडला!

कॅमेरा पुसत होते. लाल ठिपके समोरासमोर नाहीत! चाकावरचा ठिपका चांगला खाली सरकलेला. आपोआप सरकत नाही ते, चांगलं घट्ट आहे, प्रत्येक खटक्याला नख लावावं लागतं.

जावेला सहज विचारलं, तर ती भोळी बोलून गेली. "रोज सकाळी तुमच्या आधी जाऊन कॅमेऱ्याशी काहीतरी खुडबुड करत बसतात."

आता सगळं कळलं. म्हणून धुरकट दिसत होतं! म्हणून ते फोटो 'हललेले'! माझी खिडकी बिघडवायची, फोटो वाईट यायचे, मग झूम आणायची, मग कॅमेराच घ्यायचा. सख्खा दीर. ह्यांनी मांडीवर खेळवलेला भाऊ.

शेरास सव्वाशेर! ठिपका परत ठिपक्यासमोर आणला. लेन्स कपाटात होती, ती काढून डोळा लावून बघायची गरजच काय, माझी जागा मला ठाऊक आहे. वरून कागदी टेप चिकटवली. टेपवरून थेट कॅमेऱ्याच्या अंगावर पेनने तिरकी रेघ ओढली. आता चाक हलवायचं तर टेप काढावी लागेल, आणि परत लावली तरी रेघेला रेघ जुळायची नाही. लावा हात! शाळेपर्यंत कॅमेरा बाहेर काढणार नाही, तोवरचे पासपोर्ट त्यांच्या जुन्या कॅमेऱ्यावर.

२३ जानेवारी

शाळा.

पहिलाच वर्ग उभा केला. उंच मुलं मागे, बुटकी बाकावर, मधोमध मुख्याध्यापिका. खिडकीला डोळा लावला — धुकं. लेन्स फिरवली. धुकं. अजून फिरवली. चेहरे कुठेतरी येतात आणि निसटतात.

एवढं करूनही त्यांनी हात लावलाच! माझा तोल गेला. अख्ख्या मैदानासमोर ओरडले, "चाक फिरवलंत ना! भावाच्या माघारी हेच करायचं होतं?" मुलं हसायला लागली. मुख्याध्यापिकांनी त्यांना गप्प केलं, आणि मग माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मी विसरणार नाही.

दीडशहाण्यांनी पिशवीतून आपला जुना कॅमेरा काढला, आणि त्यावर काय? झूम! भाड्याने आणलेली! आधीपासून तयारी! प्रत्येक वर्गाला माझा फोटो झाला की म्हणायचे, "मुलांनो, एक अजून, माझ्यासाठी." कुणी विचारलं होतं?

मी सगळे वर्ग काढले. हट्टाने. अंदाजाने. टेपला हात लावला नाही, पुरावा आहे तो.

२४ जानेवारी

माझे आणि त्यांचे फोटो शेजारी शेजारी लावले. त्यांच्या फोटोत मुलांच्या शर्टाची बटणं मोजता येतात. माझ्यात तोंडं ओळखू येत नाहीत. एकाही वर्गात नाही. हे मलाही दिसलं.

शाळेला त्यांचे जाणार.

करा आनंद! उद्या जावेला समोर बसवणार आणि तिच्यादेखत कॅमेरा टेबलावर ठेवणार. तुटलेली रेघ दाखवणार. मग म्हणावं काय म्हणायचंय ते. स्टुडिओ वेगळा करायची वेळ आली तरी चालेल, मी तयार आहे. एक घाव, दोन तुकडे.

२५ जानेवारी

रेघ अखंड होती.

जावेने भिंग आणून दिलं, तेव्हा मला दिसली. टेपला कुणी हात लावलेला नव्हता. खाली ठिपक्यासमोर ठिपका, मी ठेवला होता तसाच.

मग दीडशहाण्यांना विचारलं, तर म्हणाले, "रोज सकाळी फिरवत होतो, वहिनी. एकेक खटका. ज्या दिवशी तुमचे फोटो स्वच्छ यायचे, तिथे ठेवायचो. चार महिन्यांत ठिपका बराच खाली आणावा लागला. टेप दिसली, तिला हात लावायची हिंमत झाली नाही, म्हणून झूम भाड्याने आणली. सांगितलं असतं, तर तुम्ही कॅमेरा खाली ठेवला असतात. आणि दादाची लेन्स मला येत नाही."

परवा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. झूम घ्यायला हो म्हटलं. टेप काढली. त्यांनी चाक पुन्हा खाली नेलं, मला जाऊ समोर स्वच्छ दिसली, रडताना. नवा ठिपका द्यायला मी नेलपॉलिशची बाटली भावजींच्या हातात दिली. मला ती जागा दिसत नव्हती.