बाबांची उजवी बाजू

रविवार, अल मनखूल

आजही बाबांचा हात सारखा उजव्या कमरेला. चिपळूणला सराफी दुकान होतं तोवर तिथे रोज छोटं रिव्हॉल्व्हर असायचं. आई गेल्यावर मी त्यांना दुबईला आणलं, तेव्हा ते पोलीस ठाण्यात जमा केलं. इथे बायका रात्री-अपरात्री एकट्या फिरतात. मग यांना भीती कसली? चीडच येते मला.

संध्याकाळी फिरताना मी त्यांच्या उजवीकडे होते. त्यांनी दंड धरून मला डावीकडे घेतलं. हत्याराच्या बाजूला आपलं माणूस नको, म्हणून आईलाही ते कायम असंच घ्यायचे.

मी म्हटलं, "बाबा, उजवीकडे आता काही नाहीये."

"डावीकडे तरी आता कोण आहे?"

मी होते ना. त्यांचा हात अजून माझ्या दंडावरच होता.