साठ मैल, एक चक्र आणि जवसाचं तेल

१४ एप्रिल १९६३, अमरावती

अकोल्याहून परत. सुभीचं साक्षगंध आटोपलं, लग्न पक्कं. सुभी म्हणजे सुभद्रा, माझी थोरली बहीण भागीरथाबाई हिची पोरगी. मॅट्रिकची दोन वर्षं आमच्याकडे राहून शिकली. आम्हाला मूलबाळ नाही. तिला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडणारा मीच.

लग्न १२ मे, संध्याकाळी सहा बेचाळीस. मामा मीच, कारण भागीरथाबाईला दुसरा भाऊ नाही. मामानं पोरीला हात धरून मांडवात आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभं राहायचं. एवढंच काम, पण मोठं.

भरपंगतीत भाऊजी, म्हणजे वामनराव, म्हणाले की किसनराव टायमावर येतील तवा खरं, एखादा जास्तीचा मामा पाहून ठेवा. सगळे हसले. माझी बायको इंदूसुद्धा हसली! मी ताटावरून उठलो आणि जाहीर केलं की मोटारीनं नाही, रेल्वेनं नाही, सायकलनं येईन. साठ मैल. भाऊजींची दुपारची झोप उघडायच्या आत मांडवात हजर.

आता माघार नाही.

१६ एप्रिल

सायकल आणली! जिनिंगमधला गोरा इंजिनिअर मायदेशी गेला, त्याची. चिखलदऱ्याच्या घाटात चढवायचा म्हणे. पायडलजवळ दातांची दोन चक्रं, एक मोठं, एक लहान. मागे आणखी चार. दांडी ओढली की चेन ह्या चक्रावरून त्या चक्रावर. अख्ख्या राजापेठेत अशी दुसरी नाही. शेजारचे चंद्रभान पाहून म्हणाले, लग्नाले चाल्ले की सर्कशीत? मी दुर्लक्ष केलं.

१९ एप्रिल

रात्रभर विचार केला. मी हायस्कुलात सायन्सचा लॅब असिस्टंट आहे, मला प्रत्येक गोष्टीत कारण लागतं. लहान चक्र चढासाठी. अमरावती ते अकोला चढ कुठाय? सगळी काळी जमीन, पाटासारखी. मग ते ओझं कशाला? शिवाय लहान चक्र म्हणजे पळवाट. पाय दमले की माणूस तिकडे पळतो. निर्णय झाला: पुढे एकच चक्र. मोठं.

इतवाऱ्यात सायकलवाला नत्थुजी मिस्त्री आहे, त्याला सांगितलं. म्हणे, मास्तर, काढाचंच असन तं मोठं काढा, लहान ठेवा. अन् चेन सरकू नये म्हणून बाजूनं पत्रा लावून देतो. दोन दिस ठेवा माह्याजवळ. बस, हेच चुकतं आपल्या लोकांचं. हिंमतच नाही. मी म्हणालो, मीच करीन. तो म्हणे, करा बाप्पा.

२१ एप्रिल

सकाळी आठला कामाला बसलो. पायडलचा दांडा एका खिळीनं अडकवलेला असतो. ती हातोडीनं काढली. नऊ वाजता वाकली. साडेदहाला मोडली. अंगठ्यावर एकदाच बसली, जास्त नाही. संध्याकाळी सहाला लहान चक्र हातात! इंदूला दाखवलं. ती म्हणे, हे पाच स्क्रूवर तं होतं, नुसते स्क्रूच काढले असते तं?

बायकांना परिणाम दिसतो, प्रक्रिया दिसत नाही.

चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा पुढचा चिमटाही काढून टाकला. चक्रच एक, तर ढकलायचं कुठे?

२४ एप्रिल

चक्र कमी झालं, तर चेनही तेवढीच कशाला? सहा कड्या काढल्या, दगड आणि खिळा वापरून. आता चेन मागच्या मोठ्या चक्रावर चढत नाही, पोचतच नाही. पण मागचं मोठं चक्रही चढासाठीच असतं, म्हणजे सायकल आपोआप सुधारली. चारातली दोन तरी चालतात. दोन भरपूर झाली.

खिळी मात्र नत्थुजीकडूनच आणावी लागली. त्यानं कागदात बांधून दिली. पण हसला हं.

२७ एप्रिल

चेनला तेल. बाजारातलं काळं मशीनचं तेल मी घेणार नाही. आपल्या वऱ्हाडात जवस पिकतो, जवसाचं तेल घरात बरणीभर आहे, मग काळं पाणी कशाला आणायचं? चांगलं चोपडलं. चेन सोन्यासारखी चमकली. इंदू म्हणे, गाडीच्या आखाले एरंडीचं तेल घालतात, जवसाचं म्या कोठी आयकलं नाई. मी म्हणालो, बैलगाडी आणि सायकल यात फरक असतो. रोज सकाळी एक हात द्यायचा ठरवलं.

१ मे

महाराष्ट्र दिन, सुट्टी, शुभ दिवस. ट्रायल: बडनेरा आणि परत. जाताना चेन नऊ वेळा पडली. पण सलग दीड मैल पडली नाही हेही खरं! येताना चालत आलो, कारण पायांना सगळ्या प्रकारचा व्यायाम पाहिजे.

वाटेत नत्थुजीनं पाहिलंच. ओरडला, मास्तर, पत्रा लावू काय? मी घंटी वाजवली.

४ मे

सुभीचं पत्र. जसंच्या तसं उतरवतो. "मामा, सायकलीची जिद सोड. बाबा काहीबी बोलतात, तू मनावर नको घेऊ. मोटारीनं ये, आदल्या दिवशीच ये. मले तुह्या साठ मैलाचं काय करायचं हाय? मले मागं तू उभा पाहिजेस. लग्नात मले भेव वाटून राह्यलं."

पत्र दोनदा वाचलं. पण पोरगी लहान आहे. तिला कळत नाही की तिचा मामा मोटारीतून उतरला तर बापाचं खरं होईल. सासरीसुद्धा ती मान वर करून म्हणेल, माहा मामा साठ मैल सायकल मारत आला. हे तिच्यासाठीच आहे.

उत्तर पाठवलं: काळजी करू नको, सर्वांच्या आधी येतो.

९ मे

लांबची ट्रायल, भातकुली. गेलो! येताना गुडघ्यात कळ आली आणि वारा समोरून. मोठ्या चक्राला वाऱ्यात जरा जोर लागतो हे सायन्सच्या दृष्टीनं नोंदवण्यासारखं. एका बैलगाडीत सायकल टाकून आलो. गाडीवाल्याची सोबत होईल म्हणून, बाकी गरज नव्हती. गल्लीच्या तोंडाशी उतरून सायकलवर बसलो. इंदूनं विचारलं, कपड्याले गवत कायचं लागलं?

चेन जरा कडक वाटली. तेल कमी पडत असावं. दुप्पट लावलं.

११ मे

इंदू दुपारच्या गाडीनं आहेर, साड्या, ट्रंक घेऊन अकोल्याला गेली. निघताना दारात थांबली. म्हणाली, अजून बी चाला, एक तिकीट वाढवून घेऊ. मी नाही म्हणालो. मग तिनं दोन कांदे खिशात ठेवायला दिले, ऊन लागू नये म्हणून, आणि मागे न पाहता टांग्यात बसली.

तयारी पूर्ण. कांदे, दुपट्टा, गूळ, पाण्याची सुरई, लग्नाचा फेटा कागदात गुंडाळून कॅरिअरला. पहाटे पावणेपाचला निघायचं, दुपारी बाराला अकोला. मुहूर्ताला पावणेसात तास शिल्लक. भाऊजी, आता या समोर!

१२ मे, सकाळी ७.१५, बडनेरा

ठरल्यापेक्षा पावणेदोन तास मागे. चेन अकरा वेळा पडली. चहा. हात काळे. पण जोर भरपूर आहे.

८.३०

अकोल्याची एसटी मागून आली आणि आपण होऊन थांबली. कंडक्टर म्हणाला, टपावर टाका सायकल, या आत, ऊन वाढून राह्यलं. मी म्हणालो, आपण पुढे जा, मी मागोमाग पोचतोच. आतले लोक हसले. हसू दे. मांडवात सनई वाजेल तेव्हा कळेल.

१०.४०, लोणीच्या पुढे

ऊन फार. पारा एकशे बारा फॅरनहाइट तरी असेल. चेन पडायची थांबली! कारण ती आता वाकतच नाही. कड्या एकमेकींना धरून बसल्यात, काढून हातात धरली तर काठीसारखी उभी राहते. जवसाचं तेल आणखी लावलं.

१२.५०, मूर्तिजापूरच्या अलीकडे, विहिरीजवळ

भाऊजी आता जेवून आडवे होत असतील आणि मी अर्ध्यातही नाही.

इथल्या मळ्यातले पुंजाजी म्हणून म्हातारे आहेत, त्यांनी ताक दिलं. चेनला बोट लावून वास घेतला. म्हणे, हे जवसाचं तेल हाय का? अरे माह्या बाप्पा! थे तं आमी दरवाज्याले लावतो. चार दिसात वाळून कडक होते, लाकडावर चकाकते. चेनले लावलं तं खळ झाली न ते! घरून रॉकेल आणतो म्हणाले, तासभर भिजू दे, सुटन.

तासभर! माझ्याजवळ तास आहे कुठे? नको म्हणालो. उन्हात जसं नरम पडेल तसं पडेल.

इतक्यात दुसरी एसटी येऊन थांबली. म्हातारे म्हणाले, जाय लेका, बस. मी हात हलवून पुढे काढली. का हलवला कोण जाणे. हातच हलला.

३.२५, मूर्तिजापूर ओलांडून तीन मैल

चेन तुटली. जिथे मी दगड-खिळ्यानं जोडली होती तिथेच. कडुनिंबाखाली बसलो आहे. दोन्ही कांदे खाल्ले. पायाला गोळे. बावीस मैल तरी राहिले. मुहूर्ताला सव्वातीन तास.

अजूनही होऊ शकतं. ढकलत गेलो तर... नाही होत. हिशेब केला. नाही होत.

४.३५

मोटार दिसली. रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात वर केले. आत लग्नाचीच माणसं खच्चून भरलेली, टपावर पेट्या. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, बाजूनं काढली, गेली. मी मागे धावलो. खरोखर धावलो.

सुभी आता चौरंगावर बसली असेल. मले पत्रात लिवलं होतं तिनं, भेव वाटून राह्यलं म्हणून. काहून नाई आयकलं म्या?

७.५०, अकोला

सरकीच्या पोत्यांचा ट्रक मिळाला, साडेपाचला. वाटेत बोरगावला टायर पंक्चर. मांडवात पोचलो तं पंगत बसली होती.

इंदूनं सांगितलं. सहा बेचाळीस झाले, सुभी उठेना. मामा येते म्हणे, त्यानं लिवलं हाय. पंधरा मिन्टं गुरुजीले थांबवून धरलं तिनं. मग गुरुजी म्हणाले, मुहूर्त टळते, कोनी बी पुरुष उभा करा. वामनरावाचा चुलतभाऊ पुढं झाला. सुभी म्हणाली, मामा नाई तं मामी. गुरुजी म्हणाले, असं कोठी रायते काय? सुभी म्हणाली, मंग मी उठत नाई. तवा इंदू गेली. हात धरून आणलं, मागं उभी राह्यली. बायामाणसं तोंडावर पदर घेऊन पाहत होती म्हणे.

मी इंदूले विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, जरा बाजूले सरकून उभी होती. तुमी मधेच आले असते तं तुमाले जागा पाह्यजे न.

वामनराव आले. मी जबाब तयार ठेवला होता. त्याईनं माह्या हातात पाण्याचा गडवा देला अन् म्हणाले, बसा किसनराव, पहिले जेवा. एक टोमणा मारला असता तं बरं झालं असतं. जीव मोकळा झाला असता.

सुभीजवळ गेलो. ती रडली नाई. माह्या फाटक्या पायजम्याकडं पाहून हसली. मी म्हणालो, जे झालं ते झालं. सकाळी पाठवणीले मात्र पाह्य तू! सगळ्याइच्या आधी मी उठतो, गाडीत तुले हात धरून मीच बसवतो. ती म्हणाली, बरं मामा.

१३ मे, सकाळी १०.२०

मांडवाच्या बल्ल्या-बांबू काढण्याच्या आवाजानं जाग आली.

वरात सातलाच गेली. इंदूवर ओरडलो, मले उठवलं काहून नाई? ती भांडी पुसता पुसता म्हणाली, सुभीनंच कोणाले उठवू देलं नाई. थकला हाय, झोपू द्या म्हणे.

सुभी पाया पडाले आली होती म्हणे. नवी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन. पण निजलेल्या माणसाच्या पाया पडत नाईत. म्हणून खाटेपाशी अर्धा तास उभी राह्यली, मी उठन म्हणून. मी घोरत होतो. मंग मोटारीचा भोंगा वाजला अन् थे तशीच गेली.