माझीच चाल

सोमवार, ३ मार्च
चाळीस वर्षांपूर्वी बाबांनी ज्या भयपटातल्या भुताची पावलं वाजवली, तोच सिनेमा नव्याने निघतोय. या खेपेला पावलं मी वाजवायची! पडद्यावरच्या पायांकडे बघत स्टुडिओत चालायचं, तो आवाज सिनेमाला द्यायचा, हाच आमचा धंदा. बाबांकडून आलेला. आनंद व्हायला हवा होता. काहीच झालं नाही. डबा धुतला, झोपले.

मंगळवार, ४ मार्च
नव्या सिनेमात भूतच नाही. जुन्यात ते परक्या माणसाच्या रूपात जिना चढून यायचं. लोक घरी जाऊन दोनदा कड्या तपासायचे म्हणे. नव्यात मुलगी घरी येते आणि आई तिला ओळखत नाही. बस्स. दिग्दर्शक माझ्या निम्म्या वयाचा. म्हणाला, "आता दारोदार कॅमेरे आहेत, ताई. बाहेरच्याला कोण घाबरतंय?" आमच्या घरचं त्याला काही माहीत नाही. मी मान डोलावली.

गुरुवार, ६ मार्च
दादाचा फोन. वृद्धाश्रमात खोली रिकामी झालीय, पंधरा तारखेपर्यंत कळवायचंय. आमचं ठरलेलं आहे — बाबा मला ओळखतात तोवर घरीच. माझा चेहरा वर्षापूर्वीच विसरले. पण जिन्यात माझी पावलं वाजली की आतूनच विचारतात, "आलीस का?" जन्मभर लोकांच्या चपला ऐकल्यात त्यांनी. डॉक्टर म्हणाले, हे सगळ्यात शेवटी जाईल. जाणार नाही असं म्हणाले नाहीत.

शनिवार, ८ मार्च
नायिकेची चाल जमेना. टाच आधी टेकवते, उजवा पाय ओढते. गुडघे बोलायला लागले.

बुधवार, १२ मार्च
काल लिहिलं नाही.
काल चाल जमली. नऊ तास तिच्याच सँडलमध्ये. आणि घरी आले तीही तिचीच चाल घेऊन! जिन्यात लक्षातच आलं नाही. दार उघडलं तर बाबा कोपऱ्यात, छातीशी उशी धरून. "कोण आहे? माझी मुलगी येईल हं आत्ता." त्यांना सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या, जिन्यातल्या आवाजानेच बिथरले.
चाल स्टुडिओतच उतरवून यायची, हे बाबांनीच शिकवलेलं. त्यांना घाबरवलं मी. रडू यायला हवं होतं. जेवू घातलं, भांडी आवरली.

गुरुवार, १३ मार्च
मावशींनी दादाला सांगितलं. "आता तरी ऐक," म्हणाला. चिडला नाही, ते जास्त लागलं. घोळ माझा होता, बाबांचा नाही, असं त्याला सांगितलं. शनिवारपर्यंत थांब म्हटलं.

शुक्रवार, १४ मार्च
बाबा स्टुडिओत असताना जिन्यात चार वेळा — नाही, काय लिहितेय! बाबा फिरायला गेले असताना. मावशी घेऊन गेल्या. तेवढ्यात जिन्यात चार वेळा वर-खाली केलं. शेजारीण विचारत होती, काही हरवलंय का. डावी चप्पल जरा घासते माझी. वळणावर थांबते, मग दोन पायऱ्या भरभर. स्वतःचीच नक्कल बसवत होते, आणि बरी बसली.

शनिवार, १५ मार्च
सावकाश चढले. घासली, थांबले, दोन पायऱ्या भरभर. आतून काही विचारणा नाही. बाबा खुर्चीत, डोळे मिटून ऐकत होते. खुशीत होते.
"वा! हुबेहूब माझ्या मुलीची चाल," म्हणाले. "कुठे शिकलात तुम्ही?"
दादाला फोन केला. ओळखलं म्हणून सांगितलं.